माहेरी आणलेली गाभण गाय

गाईला बाजार दाखवायचा, असं आमच्या मालकांनी जाहीर केलं तेव्हा मी भाकरी थापत होते. भाकरी तव्यावर टाकली आणि म्हटलं, "आधी मला दाखवा, मग तिला." अठरा वर्षं फौजेत काढून आलेला माणूस. हुकूम सोडला की घर चालतं, असं त्यांना अजून वाटतं.

पण खरं सांगायचं तर त्यांचंही चुकत नव्हतं. आमचं गाव साताऱ्याच्या पूर्वेला, माळावरचं. त्या उन्हाळ्यात माळावर गवताची काडी उरली नव्हती. सकाळी गाय सोडायची, मागं मागं मी, आणि दोघी नुसत्या फिरून यायचो. वाळल्या कुसळात नाक घालून ती फुस्स करायची आणि वळून माझ्याकडं बघायची. मी काय करणार? बाभळीच्या शेंगा झोडपून पदरात गोळा करायचे, कडुलिंबाचा पाला काढायचे. कडब्याची गंज निम्म्यावर आलेली, टँकर दिवसाआड, आणि गाय सात महिन्यांची गाभण. हिला जन्म देऊन हिची आई गेली, तेव्हापासून बाटलीनं दूध पाजून मी हिला वाढवलेली. ती विकायची म्हणजे काय खेळ आहे?

शेवटी तह झाला. माझं माहेर सांगलीच्या अंगाला, कृष्णाकाठी. दुष्काळात जनावरं पाणीवाल्या पाहुण्यांच्या गोठ्यात नेऊन बांधायची, ही आमच्याकडची जुनी रीत. मालक म्हणाले, "घेऊन जा. पण तुझ्या हातनं तिला काय झालं, तर मी टेम्पो घेऊन येणार आन् तिथनंच थेट बाजारात नेणार." मी म्हटलं, "बघाच. तुमाला वळखायची न्हाई, अशी करून आणते."

माहेरी पोचले तर गोठ्यामागं लसूणघासाचा आख्खा वाफा. दुभत्या जनावरांसाठी भाऊ तो दरवर्षी करतो. आम्ही माळावरची माणसं. हिरवं दिसलं की आमची अक्कल चरायला जाते. गाईनं मान ताणली, मी विळा मागितला. तेवढ्यात वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, हळूच म्हणाल्या, "वन्सं, घास एकदम घालू नगासा. चार दिवस वाळकंच घालू, मग मूठ मूठ वाढवू."

झालं. माझं डोकं सणकलं. तोंडानं "बरं" म्हटलं, पण मनात म्हटलं, बघा, माहेरपण संपलं. माझ्या भावाचं रान, आणि या मला मूठ मूठ मोजून देणार! वहिनींचं आणि माझं तसं भांडण कधीच नव्हतं, पण बोलणंही बेताचंच. मी बोलायला लागले की दुसऱ्याला मधे शिरायला फट सापडत नाही, असं भाऊ म्हणतो. त्यामुळं वहिनी गप्प आणि मी त्याचा अर्थ शिष्टपणा असा लावलेला. वीस वर्षं.

दुसऱ्या दिवशी दिस उगवायच्या आत उठले. वहिनी चुलीपाशी, भाऊ धार काढत होता. मी वाफ्यातनं चांगला भाराभर घास कापला, दवानं ओला चिंब, आणि टाकला गाईपुढं. काय खाल्लं तिनं, अहाहा! मी समोर बसून बघत होते. माझंच पोट भरल्यागत वाटलं.

तासाभरात गाईची डावी कूस वर आली. आधी मला वाटलं, भरली पोटभर. मग ती पाय आपटायला लागली, वळून वळून पोटाकडं बघायला लागली. कूस टमटमीत. श्वास तोंडानं सुरू. मी नुसती "आई गं, आई गं" करत तिच्याभोवती फिरत होते. गाभण जनावर. दोन जीव जायचे आणि ते माझ्या हातनं.

वहिनी धावत आल्या. उरलेला घास बघितला आणि पायानं बाजूला सारला. भावाला म्हणाल्या, "डॉक्टरला फोन लावा." मला म्हणाल्या, "वन्सं, रडत नगा बसू, कासरा धरा." आम्ही गाईला उकिरड्याच्या चढावर पुढचे पाय वर करून उभं केलं. वहिनींनी लिंबाची जाड काडी तिच्या तोंडात आडवी बांधली, म्हणजे ती चावत राहील आणि ढेकर सुटेल. मग कूस चोळत बसल्या, पाऊण तास, दोन्ही हातांनी. डॉक्टरांनी येऊन औषध पाजलं. ढेकरांवर ढेकर सुटले आणि कूस हळूहळू खाली बसली. डॉक्टर म्हणाले, "काडी बांधली, चढावर धरली, म्हणून वेळ मिळाला. वासरूबी ठीक हाय."

डॉक्टर गेल्यावर मी वहिनींना विचारलं, हे कुठं शिकलात? त्या हात धूत म्हणाल्या, "माझं माहेर जतकडचं. तुमच्यागतच माळ. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या आबांनी बैलजोडी हितं आणून बांधली. मी लाडानं असाच भारा टाकला. एक बैल दुपारपातूर गेला." मी पुढं होऊन त्यांच्या हातावर पाणी ओतलं.

तेवढ्यात मालकांचा फोन. भावानं त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलेलं, म्हणजे अर्धवट. फोन स्पीकरवर आणि हे तोफेसारखे सुटले. "गाय फुगली म्हनं? काय घातलं तिला वहिनीनं? गाभण जनावराला असं घालत्यात व्हय?"

वहिनी समोरच उभ्या. खाली मान घालून टॉवेलला हात पुसत होत्या. मी गप्प बसले असते तर विषय तिथंच मिटला असता. खरं बोलले की गाय बाजारात, आणि आयुष्यभर ऐकून घ्यायचं ते वेगळंच.

"वहिनींनी न्हाई घातलं," मी म्हटलं. "त्यांनी नको सांगितलं हुतं. मी चोरून भारा कापला. त्यांच्यामुळं वाचली ती. आता तुमाला काय करायचं ते करा."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. टेम्पोवाल्याचा नंबर शोधतायत की काय, असं मला वाटलं.

"वहिनींना फोन दे," मालक म्हणाले.

वहिनींनी फोन घेतला. "बोला दाजी."

"वहिनी, वासरू होईपर्यंत गाय राहू द्या तुमच्याकडं. तुमच्या हाताखाली हाय म्हणल्यावर मला काळजी न्हाई." आणि वर म्हणाले, "आमची ही तेवढी उद्याच्या गाडीनं माघारी लावून द्या."

भाऊ खो खो हसायला लागला. मी फोन हिसकावून घ्यायला हात पुढं केला, तर वहिनींनी तोच हात घट्ट धरून ठेवला.

"न्हाई दाजी," त्या म्हणाल्या. "दोघीबी राहू द्यात. गाईला त्यांच्याबिगार करमायचं न्हाई. आन् मलाबी."