सील लावायच्या आधी

गोदामात तिला सगळे 'थांबाताई' म्हणत. दिवसातून एकदा तरी कुणाला थांबवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. खोक्यांना टेप मारण्यापासून सुरुवात केलेली ही बाई पंचेचाळिशीत परीक्षा देऊन धोकादायक मालाची तपासनीस झाली होती. लिथियम बॅटऱ्या जहाजाने परदेशी धाडायच्या, तर कागदांवर तिची सही लागे.

त्या दिवशी दुपारी बाराला कंटेनर भरून तयार होता. बंदराचं फाटक पाचला बंद होणार होतं. ट्रेलरचा ड्रायव्हर म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ. सील लावायला ती कंटेनरच्या दाराशी गेली आणि थबकली. आतून गोडसर, नेलपॉलिशसारखा वास येत होता, बॅटरी फुटून गळू लागली की येतो तसा.

"थांबा. माल खाली घ्या."

"ताई, आज तरी नको गं!" भावाने कपाळाला हात लावला. "जहाज चुकलं तर साहेब मला सोलून काढतील."

साहेब तणतणतच आले. "सगळा कोरा माल आहे. नुसत्या वासावरून उतरवायचा?"

"मग सही तुम्ही करा," ती म्हणाली. तिने पेन पुढे केलं. आत काहीच निघालं नसतं, तर तिला तोंड दाखवायची सोय उरली नसती.

साहेबांनी पेनाला हात लावला नाही.

खोकी रचलेलं तिसरं पॅलेट उतरताना फोर्कलिफ्टवाल्याचा चेहरा पडला. "सकाळी फोर्कचं टोक लागलं होतं," तो पुटपुटला. "खरचटलंय वाटलं. वरून टेप मारली." टेपखाली खोक्याला भोक होतं, पुठ्ठा ओलसर झाला होता.

पॅलेट लगेच मोकळ्या पटांगणात, भिंतींपासून लांब नेलं आणि बंब बोलावला. अर्ध्या तासात त्यातून फसफसत धूर निघाला, मग ज्वाळा. बंबवाल्यांनी पाण्याचा मारा करून ते विझवलं. भाऊ बघतच राहिला.

"हे माझ्या पाठीमागे पेटलं असतं, ताई."

"आता नाही ना पेटलं? चल, बाकीचा माल बघू दे."

उरलेलं एकेक पॅलेट तिने फिरून तपासलं, माल परत भरून घेतला, एक पॅलेट कमी करून कागद नव्याने बनवले, मगच सही केली आणि सील लावलं. फोर्कलिफ्टवाला मान खाली घालून उभा होता. "पुढच्या वेळी आधी मला सांग," ती म्हणाली. "मी खाऊन टाकणार नाही."

पावणेपाचला भावाचा फोन आला. "फाटकातून आत घेतलं गं!"

तिने फोन ठेवला, रिकाम्या खोक्यावर बसकण मारली आणि पाण्याची बाटली एका दमात संपवली. साहेबांनी दुसरी आणून दिली.