पहिल्या बाकावर
कुठे उदाचा वास आला की मला साउथॅम्प्टनमधलं एक कॅथलिक चर्च आठवतं. नव्वदच्या सुमारास मी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या इस्पितळात डॉक्टर होतो; आमच्या वॉर्डची जमैकन सिस्टर, म्हणजे मुख्य नर्स, मला तिचं ते जुनं चर्च दाखवायला घेऊन गेली होती. देवळाच्या सवयीने मी दारातच बूट काढले. लोक वळून बघायला लागले, मी ओशाळलो. सिस्टरने शांतपणे स्वतःचेही बूट काढले. "डॉक्टर, एकेकाळी या देशात कॅथलिकांना लपून प्रार्थना करावी लागायची," ती म्हणाली, "आणि मी नवीन आले तेव्हा याच कॅथलिकांनी मला काळी म्हणून मागे बसवलं. दुसऱ्या रविवारपासून मी पहिल्या बाकावर बसायला लागले. चला." गारठलेल्या फरशीवरून आम्ही नुसत्या मोज्यांनी थेट पुढे गेलो. अजूनही एखाद्या सभेत मागची खुर्ची ओढली की माझे तळपाय गार पडतात, आणि मी उठून पुढे जातो.