कंदिलाच्या उजेडात निवडलेला रंग

आज आईच्या खोलीत ओल्या रंगाचा वास भरला आणि मला अनसिंग गावच्या घरातली लहानपणची ती दुपार आठवली. पेंटरनं भिंतीवर दोन पट्टे मारले होते, एक पोपटी, एक पांढरा. आईची नजर पोपटीवरून हटेना. मग तिनं भरदुपारी दार-खिडक्या लावल्या, कंदील पेटवला आणि दोन्ही पट्ट्यांसमोर धरून पाहिला.

“पांढराच मारा, भाऊ.”

“पोपटी काहून नाई?” मी रुसून विचारलं.

“पांढऱ्यावर उजेड पसरते. लाइन गेली का तुले वाचाले दिसलं पाह्यजे.”

आईला रंगातलं काही कळत नाही, असंच मला तेव्हा वाटलं. आज तिला न विचारताच मी पोपटी सांगितला. ती भिंतीकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, “अन् लाइन गेली तं?”