क्षेत्र निर्मनुष्य

कर्नलसाहेबांना आमदार होऊन चौदा महिने झाले होते आणि एवढ्या काळात सभागृहातली एकच गोष्ट त्यांना पटली होती. तिथली घंटा वेळेवर वाजायची. बाकी सगळा आनंदीआनंद. अकराच्या कामकाजाला माणसं साडेअकराला उगवत आणि दुसरा बोलत असताना खुशाल गप्पा हाणत. कर्नलसाहेब मात्र पावणेअकराला जागेवर, पाठ ताठ, समोर टोक काढलेली पेन्सिल. मागच्या बाकांवर त्यांचं नाव ‘गजर’ पडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

तीस वर्षं फौजेत काढल्यावर निवृत्तीत त्यांना घर खायला उठलं. त्यांनी बायकोच्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, मग त्यांच्यावर क्रमांक घातले. तिसऱ्या आठवड्यात तिनं हात टेकले. पक्षाची माणसं उमेदवारी घेऊन आली तेव्हा साहेबांच्या आधी तीच हो म्हणाली. साहेबांची अट एकच होती, टेकडीखालचं गाव आपल्या मतदारसंघात हवं.

त्या गावाला लागूनच तोफांच्या सरावाचं मैदान. मेजर असताना सहा वर्षं साहेब त्याचे प्रमुख होते. सरावाच्या दिवशी गाव रिकामं करावं लागे. साहेब स्वतः गावातल्या चाळीसही घरांतून फिरत, चुली विझल्या का बघत, चालता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना जीपमध्ये बसवत. शाळेचे मास्तर पोरांना घेऊन टेकडीपलीकडे जात. मग साहेब छापील कागदावर लिहीत, ‘क्षेत्र निर्मनुष्य’. खाली सही, वेळ सकाळचे सात. त्या ओळीशिवाय तोफ उडत नसे. संध्याकाळी पाचला भोंगा झाला की माणसं घरी परत. सहा वर्षांत कुणाला खरचटलंसुद्धा नाही, याचा त्यांना पदकांपेक्षा जास्त अभिमान होता. प्रचारातही त्यांनी गावाला एवढाच शब्द दिला होता की मी असेपर्यंत तुमच्या उंबरठ्याला धक्का लागणार नाही.

आणि आता मैदान वाढवण्याचं विधेयक आलं, तेही त्यांच्याच पक्षाच्या मंत्र्यांनी आणलेलं. टेकडीखालची सगळी जागा कायमची मैदानात जाणार होती. साहेबांनी रीतसर हरकत घेतली, तिथे माणसं राहतात म्हणून सांगितलं.

मंत्री हसतमुखानं उठले. ती जागा सरकारी, नकाशात तिथे गावच नाही, मतदार यादीतली घरं शेजारच्या गावात धरलेली, असं त्यांनी एकेक सांगितलं. शिवाय फौजेचे अहवाल आहेत म्हणाले आणि एक वाचून दाखवला. तारीख, वेळ, क्षेत्र निर्मनुष्य. मग दुसरा. मग तिसरा. असे एकशे ब्याऐंशी आहेत म्हणाले आणि गठ्ठा शिपायाकरवी साहेबांच्या बाकावर पाठवला.

साहेबांनी वरचा कागद पाहिला. अक्षर त्यांचं होतं. सही त्यांची होती. त्यांनी दुसरा कागद उलटला, दहावा उलटला, आणि हे कुणी दुसऱ्यानं लिहिलेलं निघावं असं त्यांना लहान मुलासारखं वाटत राहिलं. जन्मात कुणाच्या काडीलाही हात न लावलेला माणूस, त्यानं स्वतःच्या हातानं एक अख्खं गाव पुसून टाकलं होतं.

“सही माझी आहे,” ते उभे राहून म्हणाले. “सातला तिथे कुणी नव्हतं, कारण मीच त्यांना बाहेर काढलं होतं.”

“हे अहवालात कुठं लिहिलंय?” मंत्र्यांनी विचारलं.

कुठेच नव्हतं. छापील कागदावर एकाच ओळीची जागा होती.

“मग अहवाल खोटे होते असं म्हणायचं का, कर्नलसाहेब?”

साहेबांनी गठ्ठा सरळ करून बाकावर ठेवला. तीस वर्षांत त्यांनी एकाही खोट्या कागदावर सही केली नव्हती, आणि हेही खोटे नव्हते. पण त्यांना चाळीस दारं दिसत होती.

“हो,” ते म्हणाले. “खोटे होते. तसं लिहून घ्या.”

कुणीतरी मागे फसकन हसलं. मतदान आवाजी झालं. ‘होय’नं छत दणाणलं. ‘नाही’ एकच आलं, कवायतीच्या मैदानावर द्यावं तसं खणखणीत. त्यानं काही बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून ते गावात पोहोचले. ही बातमी त्यांना स्वतःच्या तोंडानं द्यायची होती. म्हातारे झालेले मास्तर ओट्यावर बसले होते. साहेबांनी वाटभर जुळवलेली वाक्यं ऐन वेळी दगा देऊन गेली.

“मास्तर, गाव रिकामं करावं लागणार,” एवढंच ते कसंबसं बोलले.

मास्तर काठी टेकत लगेच उठले. चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नाही.

“तुम्ही जातीनं आलात ना, मग झालं,” ते म्हणाले, आणि शेजारच्या दाराशी जाऊन त्यांनी आत हाक दिली. “चला गं, साहेब आलेत. अंथरुणं-बिंथरुणं घेऊ नका. पाचला परत यायचंय.”