धरमपुरीला, वीणाच्या पाण्याच्या परीक्षेला

"आजी, तू येऊन काय करणार?" असं वीणाने विचारलं, तोवर माझी पिशवी भरून झाली होती. वीणा माझी नात. नळयोजनेचं काम शिकतेय: पंप चालवणं, टाकी धुणं, पाण्यात जंतू मारायचं औषध नीट पोचलं का बघणं. शेवटची परीक्षा धरमपुरीला, नर्मदेकाठी. पास झाली तर देवासला आमच्याच मोहल्ल्याच्या टाकीवर नोकरी. आणि मी नेमावरची नर्मदामैया पाहिलीये, धरमपुरीची नाही. मग?

पहाटेची बस धरा. इंदूरला बदलायची, मानपूरनंतर घाट उतरला की धामनोद, तिथून ऑटो. घाटात इतकं धुकं, की बस उतरतेय की तरंगतेय, कळेना. मला माहेरची विहीर आठवली. इतकी खोल, की बादली तळाला पोचेतो आमचं गाणं संपायचं. असो.

धामनोदला दाल-पानिये खा. पानिये म्हणजे मक्याचे जाडे रोट, पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजलेले. दुकानदार म्हणाला, "अम्मा, घी और डालूँ?"

"भिया, हाथ क्यों रोक रिया है?" मी म्हटलं.

परीक्षा नदीच्या घाटाजवळच होती. प्रत्येकीने गल्लीतल्या नळाचं पाणी बाटलीत आणायचं, त्यात थेंब टाकायचे. पिवळं झालं तर औषध पोचलंय. वीणा हात धुवायला गेली, बाटली माझ्याकडे देऊन. समोर मैया, चांदीचं पातळ नेसून निजल्यासारखी. वाटलं, शुभकार्याला हिचंच पाणी हवं. नळाचं ओतून टाकलं, तिचं भरलं.

वीणाने थेंब टाकले. पाणी तसंच, बिनरंगाचं.

तिचा चेहरा उतरला. शेजारची पोरगी कुजबुजली, "अरी, मेरी बोतल से ले ले, कौन देखता है!"

वीणा उठलीच, परीक्षा घेणाऱ्या बाईंकडे गेली. "मैडम, पहले गली में बता आऊँ, कोई पानी ना पिए। परीक्षा बाद में।"

ती दोन दारं ठोठावून तिसऱ्याकडे निघाली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "अगं थांब! ते मैयाचं पाणी आहे!"

सगळा घाट हसला. वीणा नाही हसली. "आजी, मैया पवित्रच गं. पण घरात यायची तर तिलाही औषध घ्यावं लागतं."

मॅडमनी नळाचं पाणी पुन्हा भरायला लावलं. या खेपेला पिवळं झालं, सोनचाफ्यासारखं. मॅडम माझ्याकडे वळल्या. "माताजी, पोती पास। गली की फिक्र पहले की, इसलिए। पर अब आप बोतल मत पकड़ना।"

मग आम्ही नावेत बसलो. नावाड्याशी आधी भाव ठरवा. पाण्यावर ऊन विरघळत होतं, वीणाचं डोकं माझ्या खांद्यावर, आणि पलीकडचा काठ जवळ येऊच नये असं वाटत होतं.

घरी काय आलं म्हणाल, तर सुजलेले पाय, आणि डोळे मिटले की वल्ह्याची चुबुकचुबुक. आणि आता रोज सकाळी नळ आधी सूं सूं करतो, मग धार धरतो. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडते, "अम्मा, पानी आ गया क्या?"

"आ गया," मी म्हणते. "मेरी वीणा ने छोड़ा है।"