मधला शनिवार

सुलूला प्रश्न पडायचे ते नेमके नको त्या वेळी. लहानपणी संडेस्कूलच्या बाई येशूनं लाजाराला कबरेतून उठवल्याची गोष्ट रंगवून सांगत होत्या. मुलं तोंडाचा आ करून ऐकत होती आणि ही मध्येच म्हणाली, "बाई, मग लाजार पुन्हा कधीतरी मेला असेल ना? दुसऱ्यांदा मरताना त्याला भीती जास्त वाटली असेल, का कमी?" बाईंनी घाईघाईनं पुढचं गाणं सुरू केलं.

तिचं घर उमरोळी स्टेशनच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाच्या एका वारली पाड्यावर. बाप सुका पोरवयात पालघरच्या मिशन बोर्डिंगात राहिला आणि तिथेच त्यानं बाप्तिस्मा घेतला. आजा जिव्या मात्र जुन्या रीतीचा. नवं भात आलं की आधी वाघदेवाला, मग घरात. बापलेकात यावरून भांडण कधी झालं नाही, पण बोलणंही झालं नाही. दोघांशी बोलायची ती सुलूच. शाळा संपवून ती बोईसरला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली होती, आणि रविवारी तिथल्याच छोट्या चर्चमध्ये जायची.

पंच्याऐंशी सालच्या थंडीत एकदा आजा अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसला होता. सुलू शेजारी बसली तसा तो म्हणाला, "तुजा देव सुक्करवारी मेला ना? आन् रविवारी उठला. मंग शनवारी कुठं होता?"

"कबरेत होता."

"ता तं अंग झाला. मी त्याच्या जिवाचा इचारतो. मानूस मेला का त्याला वाट दाखवाया लागते. आमच्यात कामडी भगत गाऊन गाऊन पोचवतो त्याला. तुज्या देवाला कोनी पोचवला?"

 दर रविवारी सुलू सगळ्यांबरोबर मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणायची, त्यात 'अधोलोकात उतरला' हे शब्द होते. ते म्हणताना तिनं त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. "विचारून सांगते," ती म्हणाली.

"इचार. मना बी सांग," आजा म्हणाला.

सांगायचं राहून गेलं. फाल्गुनात दोन दिवसांच्या तापानं आजा गेला. दिवसकार्याला कामडी गायला बसला तेव्हा सुका लांब मोहाच्या झाडाखाली उभा राहिला. विश्वासणाऱ्यानं अशा विधीत बसू नये, असं चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी त्याला सांगितलं होतं. सुलू त्याला बोलवायला गेली आणि थबकली. बापाचे ओठ हलत होते. कामडीची सगळी गाणी त्याला पाठ होती.

बोईसरच्या चर्चमध्ये त्या दिवसांत वेगळाच वाद पेटला होता. उपासनेत पेटी वाजावी का गिटार, जुनी मराठी गीतं म्हणावीत का कारखान्यांतल्या परप्रांतीय कामगारांसाठी हिंदी. गिटारच्या बाजूचा पुढारी होता चंद्रभान, तरुण संघाचा सेक्रेटरी, सुताच्या कारखान्यातला फिटर. दारू सोडून तो प्रभूकडे आला होता आणि जे बोले ते ठाम बोले. बाप्तिस्मा न घेता गेलेल्या आजाचं पुढे काय, असं सुलूनं त्याला विचारलं.

"शास्त्र स्पष्ट आहे, सुलू. ऐकून ज्यानं नाकारलं, त्याला दार बंद."

"पण आजानं नाकारलं कुठं? त्यानं प्रश्न विचारला."

चंद्रभान गिटारच्या तारा पिळत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "माझी आई तशीच गेली. मी दर वेळी सांगायचो, ती हसायची. हे बोलताना मला बरं वाटतं असं समजू नकोस."

सुलू भांडायच्या तयारीनं आली होती. तिचा राग कुठल्या कुठे गेला. पोटात एवढं घेऊन हा माणूस दर रविवारी सगळ्यांत मोठ्यानं कसा गातो, याचंच तिला नवल वाटत राहिलं.

मग ती पाळकसाहेबांकडे गेली. रेव्हरंड नामदेव निवृत्तीला आले होते, वादांना कंटाळलेले. प्रश्न ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"गुड फ्रायडेला मी उपदेश करतो, ईस्टरच्या रविवारी करतो. मधल्या शनिवारी काय करतो सांगू? झगा धुतो. बायका चर्च झाडतात, फुलं लावतात. त्या दिवसावर मी जन्मात एकदाही बोललो नाही." त्यांनी कपाटातून बायबलवरचे जाडजूड टीकाग्रंथ काढले, धूळ झटकली आणि दोघं वाचत बसली. चहा निवून गेला. "हे बघ, काही म्हणतात, मेलेल्यांचं दुःख येशूनं अधोलोकात जाऊन स्वतः भोगलं. काही म्हणतात, त्याच्याआधी जे मेले, त्यांना त्यानं सुवार्ता सांगितली."

"आणि त्याच्यानंतर मेलेले? फाल्गुनात मेलेले?"

"ते लिहिलेलं नाही."

"म्हणजे तसं होत नाही, का नुसतं लिहिलेलं नाही?"

पाळकसाहेब खळखळून हसले. "सेमिनरीत असती तर मास्तरांना पळवून लावलं असतंस! मला माहीत नाही, सुलू. पण मला आता झोप यायची नाही."

सुलूनं एकच मागणं मागितलं. येत्या ईस्टरच्या आदल्या शनिवारी सकाळी चर्च उघडं ठेवावं. उपदेश नको, गाणं नको. ज्याला यायचं त्यानं येऊन बसावं. कमिटीत कुरकुर झाली. उपासनेचा क्रम नसेल तर ती उपासना कसली, असं एकानं विचारलं. पाळकसाहेबांनी किल्ली सुलूच्या हातात दिली आणि विषय संपवला.

शनिवारी मोजकीच माणसं आली. वेदीवर कापड नव्हतं, फुलं नव्हती. पेटीही बंद, गिटारही नाही. चंद्रभान आला, पण दाराशीच पायरीवर बसला. सुलूला वाटलं होतं, इथे बसून काही उमगेल. काहीच उमगलं नाही. उलट नवेच प्रश्न सुचू लागले. त्या दिवशी शिष्यांनी जेवण केलं असेल का? कुणी रांधलं? रविवार येणार आहे हे त्यांना कुठे ठाऊक होतं! मग जगातली बहुतेक माणसं अशा शनिवारातच तर राहतात, असं तिच्या मनात आलं आणि ती चकित होऊन तशीच बसून राहिली.

तेवढ्यात मागच्या बाकावर कुणीतरी उठलं. सुका होता. त्यानं आजवर चर्चमध्ये कधी उभं राहून तोंड उघडलं नव्हतं.

"जिव्या," तो म्हणाला. "माजा बाप."

एवढंच बोलून तो बसला. थोड्या वेळानं पायरीवरून चंद्रभानचा आवाज आला. त्यानं आईचं नाव घेतलं, उठला आणि मागे न पाहता निघून गेला.

परतताना उमरोळीच्या पायवाटेवर सुलूनं बापाला विचारलं, "बाबा, आजाला तिथं कोण भेटलं असेल?"

"मना काय ठाव? पन म्हातारा गप बसला नसंल. समोर जो आला असंल त्याला इचारूनच बेजार केला असंल." आणि सुका हसला, बाप गेल्यानंतर पहिल्यांदा.

त्या शनिवारचं बसणं पुढेही दर वर्षी चालू राहिलं, कधी पाच माणसांत, कधी पंचवीस. चंद्रभाननं वर्षभरात आपली वेगळी प्रार्थनासभा काढली. ठामपणा त्यानं सोडला नाही, मात्र मेलेल्यांविषयी तो बोलेनासा झाला. पाळकसाहेब निवृत्त होऊन गावी गेले. जाताना त्यांनी ते जाड ग्रंथ सुलूला दिले. पुढे मंडळीनं तिला उपदेशक म्हणून उभं केलं तेव्हा लोक म्हणायचे, सुलूबाईंच्या उपदेशाला 'आमेन' कधी म्हणायचं तेच कळत नाही, कारण शेवटी त्या काहीतरी विचारूनच खाली बसतात.