जमिनीचा दोष

जगात जे जे बिघडतं ते पायाखालच्या जमिनीमुळे, असं ठामपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच माझा व्याही निघाला. नागपूरचे इंजिनिअर. रिटायर झाल्यावर इथे अमेरिकेत, मी राहतो त्याच मॉरिसव्हिलला, लेकासुनेकडे, म्हणजे माझ्या मुलीकडे, राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात धावायला लागले. नुसते धावले असते तर कोणाची हरकत नव्हती. पण त्यांनी बुटांच्या आत, तळव्याखाली, सेन्सर बसवले आणि साऱ्या गावाची जमीन तपासायला घेतली. फुटपाथचं काँक्रीट, डांबरी रस्ता, शाळेमागचं गवत, तळ्याकाठची लाकडाचा भुसा पसरलेली पायवाट. सगळीकडे धावून झालं की फोनवरचे आलेख बघायचे आणि मला पकडायचं. "काँक्रीट धक्का रिटर्न करतं, साहेब. गवत पोटात घालतं. आणि आपला पाय किती स्मार्ट बघा, सरफेस बदलला की लगेच स्वतःला अॅडजस्ट करतो." कोणाचा गुडघा दुखला की ते वय विचारत नसत, ड्राइव्हवे कसला आहे ते विचारत. विहीणबाईंची कंबर धरली तेव्हा त्यांनी आधी स्वयंपाकघरातली फरशी ठोकून पाहिली. "बाबा, जस्ट से येस टू हिम," असा माझ्या मुलीचा सल्ला होता. म्हणून मी धावायलाही लागलो, आणि त्यांच्याच मापाचे, त्यांच्याच रंगाचे बूटही घेतले. सेल होता, शिवाय व्याह्यांचा शब्द मोडणार कोण.

नातीच्या बारशाला दारात चपलाबुटांची ही रास पडली होती. निघताना मी त्यांचे बूट घालून घरी आलो आणि माझे त्यांच्याकडे राहिले. दोघांनाही पत्ता नाही. मी रोज सकाळी त्यांनी नेमून दिलेल्या वाटांवर धावत होतो आणि ते सेन्सर बंद पडला म्हणून कंपनीच्या नावाने खडे फोडत होते. पुढच्या रविवारी मी मुलीकडे जेवायला गेलो, दारात बूट काढले, आणि त्यांच्या फोनने सेन्सर सापडल्याची वर्दी दिली. आम्ही पोट धरधरून हसलो. मग माझं आठवडाभराचं धावणं त्यांच्या फोनवर उतरलं. श्रीखंडाची वाटी तशीच ठेवून ते बघत बसले.

जेवणानंतर त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं. "काँक्रीटवर तुमचा डावा पाय घासतोय," ते म्हणाले. "गवतावर घासतोय. भुशावरही तेवढाच."

"मग जमीनच वाईट असणार," मी त्यांचंच त्यांना ऐकवलं.

ते हसले नाहीत. "जमिनीचा दोष नाही हो. डॉक्टरला दाखवू या. मी ड्राइव्ह करतो."

त्या माणसाच्या तोंडून हे ऐकलं आणि मी मनातून घाबरलो.

पार्किन्सन्स निघाला. शर्टाची बटणं का लागत नव्हती, सही का बारीक होत चालली होती, सगळ्याचा उलगडा झाला. हा आजार बरा होत नाही, त्याला फक्त थोपवून धरायचं. नातीला कडेवर घेऊन चालायची माझी हिंमत होत नाही. आता ती उचलून घ्यायला हात वर करू लागली आहे, आणि मी आधी खुर्ची शोधतो. याचं दुःख मला आजारापेक्षा जास्त आहे.

व्याह्यांनी सेन्सर काढून ठेवलेत. रोज सकाळी येतात आणि माझ्या चालीने चालतात, तेही न बोलता, म्हणजे त्यांच्या स्वभावाला केवढा ताप होत असेल. परवा नव्याकोऱ्या फुटपाथवर माझा पाय अडखळला. त्यांनी माझा दंड धरला, मग खाली वाकून काँक्रीटवरून हात फिरवला.

"इथे उंचवटा आहे," ते म्हणाले. "सिटीला कंप्लेंट करतो."

फुटपाथ अगदी सपाट होता. मलाही दिसत होतं, त्यांनाही. मला हा माणूस त्या वेळी फार जवळचा वाटला.

"करा," मी म्हणालो.